खाट दवाखान्याचीच हवी

तुमचे आबा अंथरुणाला खिळले असतील तर आधी एक काम करा. त्यांना ओसरीवरून उचला आणि जळगावला, धुळ्याला, जिथे ओळख असेल तिथे दवाखान्यात भरती करा. आबा तेच, दुखणं तेच, सलाईनची बाटलीसुद्धा तीच. पण ओसरीवर ते म्हातारे असतात, दवाखान्यात पेशंट होतात. विम्याला म्हाताऱ्यांशी काही देणंघेणं नाही. पेशंटचंही सहसा २४ तास भरती राहिल्यावरच बघतात.

दवाखाना मात्र नीट निवडा. रीतसर नोंदणी हवी. ती नसेल तर आपल्याकडच्या १० लाख वस्तीच्या आतल्या गावात किमान १० खाटा, शिवाय चोवीस तास नर्स आणि डॉक्टर. चौकातल्या तीन खाटांच्या डॉक्टरकडे आबांना लगेच बरं वाटत असेल, तर आबांना समजवा, एवढ्यात बरं वाटून घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, आबांना घरीच राहायचंय. त्याचीही सोय आहे. पॉलिसीच्या मागच्या पानांत, चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरांत, ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’ असं काहीतरी सापडेल. नुसतं वाचताना जीभ अडखळते, पैसे तर अडकणारच. अर्थ सोपा आहे. आजार भरती करण्याजोगा, पण पेशंटला हलवता येत नाही, किंवा दवाखान्यात खाट रिकामी नाही. म्हणजे आबा हलवता येणार नाहीत इतके गंभीर हवेत, आणि घरी तरतील इतके धडधाकटही. बहुतेक ठिकाणी हे तीन दिवसांच्या वर चालावं लागतं. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला तर कुणाला बोलू नका. दमा, मधुमेह, रक्तदाब, संधिवात, फिट्स हे आजार तर अनेक पॉलिसींत या सोयीतून आधीच बाद आहेत. म्हातारपणी माणसाला नेमकं काय काय होतं, याचा एवढा सखोल अभ्यास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि हो, ‘माले दवाखानाम्हा नही जानं’ हे आबांचं पालुपद डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येऊ देऊ नका. ते कारण धरत नाहीत.

घरी उपचार होऊ शकतात हे विम्यालाही कळतं बरं का. २०२० च्या जुलैत ‘कोरोना कवच’ पॉलिसी निघाली, तिच्यात घरच्या उपचारांचा खर्च १४ दिवसांपर्यंत मिळत होता. आबांनी संधी दवडली.

सरकारी कार्डाचं काय? आबा सत्तरीपुढचे असतील तर ‘वय वंदना’ कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतंय, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. वय आधारवरून ठरतं, आणि आधारवर गुरुजींनी शाळेत घालताना दिलेली १ जून ही तारीख. आबा खरे चौऱ्याहत्तरचे आणि गुरुजींच्या हिशोबाने एकोणसत्तरचे असले, तर चूक आबांची. मशीनवर अंगठा उमटणार नाही, तीस-पस्तीस वर्षं केळीचे घड उतरवल्यावर बोटांवर रेषा उरत नाहीत. तेव्हा चेहरा दाखवून बघा. एवढं करून कार्ड आलं की लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवा, कारण तेही भरती झाल्यावरच चालतं. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस त्यात धरलेत. सोळाव्या दिवशी आबा पुन्हा म्हातारे.

२०१० साली केंद्राने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला, त्यात अंथरुणावरच्या माणसाकडे आरोग्य कर्मचाऱ्याने घरी जायचं आहे. उपकेंद्रात विचारून बघा. विचारणारे पहिले बहुधा तुम्हीच असाल, पाणी तरी विचारतील.

आता मुख्य गोष्ट. पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींना नंबर असतात, त्यातला ०५ नंबर पाठ करा. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं याला तिथे ‘कस्टोडियल केअर’ म्हणतात, आणि ती घरी असो वा दुसरीकडे, शिकलेल्या नर्सने केली तरी पैसे मिळत नाहीत. शिवाय न मिळणाऱ्या ६८ वस्तूंची वेगळी यादी आहे. डायपर त्यात, हवेची गादी त्यात, थर्मामीटर त्यात, खासगी नर्स त्यात, दवाखान्याबाहेर वापरायचा ऑक्सिजनचा सिलिंडरही त्यातच. यादी करणाऱ्याने आपल्या ओसरीवर बसून, आबांच्या खाटेभोवती जे दिसलं ते लिहून घेतलं असावं.

मग हे सगळं करायचं कुणी? त्यासाठी सूनबाई असते. तिला पात्रतेची अट नाही, वेटिंग पिरियड नाही, कॅशलेस तर ती पहिल्यापासून आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि ती दर दोन तासांनी आबांना कुशीवर वळवते. एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली, आधी जुनी चादर ओढायची, मग माणूस. माकडहाडाशी रुपयाएवढी लाल जागा दिसली की तिच्या पोटात गोळा येतो. ती जागा वाढून खोल जखम होऊ द्या, पू होऊ द्या, मग भरती करा. तेव्हा क्लेम बसेल. जखम होऊ न देण्याला मात्र कुठल्याही पानावर कोड नाही.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. ते आबांना घरी ठेवून कसं जमवायचं, ते सूनबाईला विचारा.

दुपारी दोनला एजंटभाऊंचा फोन येईल. हप्ता भरायचाय, आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही गेला, स्वस्त झालंय सगळं, असं ते आनंदाने सांगतील. त्यांना जरा थांबायला सांगा. फोन तिचा आहे, आणि तिचे हात डेटॉलच्या पाण्यात आहेत.