शिजवल्यावर प्रथिन ‘मरतं’?

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर ठरतं; ४२ अंशांच्या वर तो आकार मोडतो; म्हणून शिजवलेल्या अन्नातलं प्रथिन मेलेलं असतं, ते अंगी लागत नाही; उलट कच्च्या अन्नातली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, पचनाला मदत करतात. पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून पुढची खोटी वाक्यंही खपून जातात. याचाच मला जास्त त्रास होतो.

आकार आणि काम यांचं नातं खरंच तितकं घट्ट आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, पण ती ठरावीक घडीत बसली तरच कामाची. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे १४६ मणी असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेल आजार तो हाच.

४२ अंशांचं म्हणाल तर असा सरसकट आकडा नाहीच. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंशांपर्यंत पातळच राहतो. गरम झऱ्यातल्या एका जिवाणूचं टॅक पॉलिमरेज हे डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम तर ७५ ते ८० अंशांच्या आसपास सर्वांत जोमानं काम करतं.

खरी गफलत ‘मेलेलं’ या शब्दात आहे. अंडं तव्यावर टाका आणि नीट बघा. कडेनं पांढरी रेघ उमटते, मग ती आत सरकते. त्या क्षणी घड्या उलगडत असतात, आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडून एकमेकांना चिकटतात आणि त्या गुंत्यावर प्रकाश विखुरतो. पण मण्यांमधले पेप्टाइड बंध तुटत नाहीत. घडी जाते, माळ राहते. जीवरसायनशास्त्रज्ञ अ‍ॅनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन रसायनांनी पूर्ण उलगडलं आणि ती रसायनं काढताच ते आपोआप पुन्हा घडीत बसून काम करू लागलं. १९७२च्या नोबेलमागे हे काम होतं. अंड्यात गुंता होतो, म्हणून ते परत पातळ होत नाही, एवढंच.

आणि आपल्याला ती घडी हवी कुठे असते? अंड्यातल्या प्रथिनाचं काम अंड्यासाठी होतं. आपल्याला हवेत सुटे मणी. जठरातलं आम्ल घडी उलगडतंच, मग पेप्सिन हे पाचक एन्झाइम माळ तोडतं. शिजवताना यातलं अर्धं काम आधीच होतं. १९९८च्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. कच्च्या अन्नातल्या बहुतेक एन्झाइम्सची गतही जठरात तीच होते. इन्शुलिनही प्रथिनच; ते गोळीनं न देता टोचून द्यावं लागतं, ते याच कारणानं.

प्रथिन फार करपवलं तर लायसिनसारखी अमिनो आम्लं काही प्रमाणात वाया जातात, हे मात्र मान्य.

पण कच्चं खाण्याचा आग्रह कधी थेट घातकही ठरतो. राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन शाबूत घडीत असतं तेव्हा आतड्याच्या पेशींवरच्या साखरेला घट्ट धरतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. ती घडी मंद आचेवर नीट मोडत नाही. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळायलाच हवा.