नाकाला हात लावून ताप कळत नाही

ठाण्यातल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा : कुत्र्या-मांजराचे नाक थंड आणि ओले असेल तर ते ठणठणीत आहे, नाक गरम आणि कोरडे असेल तर ताप आहे, तेव्हा लहान मुलांचे पॅरासिटामॉल एक चमचा पाजावे, प्राणी खातो आहे आणि ओरडत नाही म्हणजे त्याला काही दुखत नाही, गोचीड लागू नयेत म्हणून जेवणात लसूण घालावा. दवाखान्याचा खर्च अनेक घरांना जड जातो हे मी वर्तकनगर भागात प्राण्यांवर उपचार करताना रोज पाहतो, त्यामुळे हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण त्यातले एकही विधान टिकणारे नाही, आणि एक तर जीव घेणारे आहे.

नाकापासून सुरुवात करू. झोपेतून उठलेल्या निरोगी कुत्र्याचे नाक कोमट आणि कोरडे असते, आणि तेच पाणी प्यायल्यावर, चाटल्यावर किंवा पंख्याखाली बसल्यावर काही मिनिटांत थंड होते. कुत्र्याच्या थंड नाकाला स्वतःचे वेगळे कामही आहे : स्वीडनमधील लुंड आणि हंगेरीतील बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की दुरून येणारी मंद उष्णता कुत्र्याला नाकाच्या शेंड्याने जाणवते. ताप मोजायचा तर गुदद्वारात थर्मामीटर लावूनच मोजावा लागतो, आणि तिथेही माणसाचा ९८.६ हा आकडा डोक्यातून काढून टाकावा लागतो, कारण कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. थर्मामीटरवर १०२ दिसताच घाबरून औषध पाजणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. उलट गोचीडतापात पहिला ताप आपोआप उतरतो, कुत्रा थोडेफार खाऊ लागतो, नाकही ओले असते, आणि रक्तातल्या प्लेटलेट मात्र घसरत राहतात. त्या रक्ततपासणीतच कळतात.

आता पॅरासिटामॉल. मागच्या पावसाळ्यात एक बाई पुठ्ठ्याच्या खोक्यात मांजर घेऊन आल्या. त्याचा चेहरा आणि पुढचे पंजे सुजले होते, श्वास उथळ आणि भरभर चालला होता. मी ओठ वर केला तर गुलाबी दिसायला हवी ती हिरडी चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी होती. ‘नाक गरम लागलं म्हणून रात्री एकच चमचा दिला हो,’ असे त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. माणसाचे यकृत या औषधाला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देऊन ते बाहेर टाकते. मांजरात त्या कामाचे विकर (एन्झाइम) जवळजवळ नसतेच, त्यामुळे औषधाचे विषारी रूप साचते आणि रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचा एक चमचा म्हणजे चार किलोच्या मांजराला किलोमागे ६० मिलिग्रॅमहून अधिक मात्रा होते, आणि मांजरांना किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच. ते मांजर दुपारपर्यंतही टिकले नाही.

कुत्र्यांनाही आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घरच्या अंदाजाने देऊ नये. जठरात व्रण होऊन काळी शौच होते, मूत्रपिंडे बिघडतात. एका प्राण्याला मानवणारे औषध दुसऱ्याला किती घातक ठरते हे आपल्या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिले आहे : गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले.

‘खातो आहे म्हणजे दुखत नाही’ हे विधान वरकरणी निरुपद्रवी वाटते, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण त्यामुळे प्राणी महिनोन्‌महिने सोसत राहतात. मांजर दुखणे लपवते. दात किडलेले असतानाही खाते, आणि घुरघुरणे तर वेदनेतही चालू असते. म्हणूनच माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आक्रसणे, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची उंची या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे, आणि दहापैकी चार किंवा अधिक झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे अर्धे मिटलेले, डोके खांद्यांच्या खाली गेलेले मांजर ‘शांत बसले आहे’ असे घरच्यांना वाटते, तेव्हा ते बहुधा कळ सोसत असते.

लसणाने गोचीड जात नाहीत. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात.

पैसे वाचवायचेच असतील तर घरी फुकट करता येण्यासारख्या तपासण्या आहेत. प्राणी गाढ झोपला असताना मिनिटभर श्वास मोजा. ते सातत्याने तीसच्या वर असतील तर थांबू नका. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. चेहऱ्याचे आणि चालण्याचे छोटे चित्रीकरण करून ठेवा, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेले जनावर वेगळेच वागते. आणि संदेश वाचून काही पाजले असेलच, तर ती बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत आणा आणि किती वाजता किती दिले ते आत येताच सांगा. त्याबद्दल कोणी रागावणार नाही.