तिबेटियन मास्टिफ की कॉकेशियन शेफर्ड? फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

श्वानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक तुलना सारखी फिरते आहे. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच राहतं. फार्महाऊसला राखण हवी असेल तर कुत्री दोनच, तिबेटियन मास्टिफ आणि कॉकेशियन शेफर्ड. पहिला शंभर किलोचा, सिंहाला भारी. दुसरा अस्वलाला लोळवणारा. केस बारीक कापले आणि कूलर लावला की दोघंही आपल्या हवेत मजेत राहतात. राखण रक्तातच, त्यामुळे ट्रेनिंग लागत नाही. घरात मुलं असतील तर शांत मास्टिफ घ्या, नुसतं शेत राखायचं असेल तर कॉकेशियन. शिवाय कॉकेशियनवर सरकारची बंदी आहे, मास्टिफवर नाही.

या दोन्ही जाती मला मनापासून आवडतात. म्हणूनच कुणी पिल्लाचा ॲडव्हान्स देण्याआधी यातला एकेक मुद्दा तपासून बघायला हवा.

शंभर किलोपासून सुरुवात करू. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार तिबेटियन मास्टिफ नर साधारण 41 ते 68 किलोचा असतो. कॉकेशियनच्या आंतरराष्ट्रीय मानकात नराचं वजन किमान 50 किलो आणि खांद्यापाशी उंची किमान 68 सेंटिमीटर सांगितली आहे. फोटोत जे अवाढव्य दिसतं त्यात आयाळीचा वाटा मोठा. चीनच्या हनान प्रांतातल्या लुओहे शहरातल्या प्राणिसंग्रहालयाने 2013 मध्ये सिंहाच्या पिंजऱ्यात चक्क तिबेटियन मास्टिफ ठेवला होता, आणि ‘सिंह’ भुंकायला लागला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. याच चीनमध्ये 2011 साली एक लाल मास्टिफ एक कोटी युआनला विकला गेल्याच्या बातम्या होत्या. पुढच्या काही वर्षांत तो बाजार कोसळला आणि ब्रीडरांना नकोशी झालेली कुत्री तिबेटच्या पठारावर भटकू लागली. आकाराच्या हव्यासापायी खुब्याच्या सांध्यांची वाट लागते ते वेगळंच. मेंढपाळांकडची कामाची कुत्री प्रदर्शनातल्या कुत्र्यांपेक्षा अंगाने हलकी असतात, कारण त्यांना कळपाबरोबर मैलोन् मैल चालायचं असतं.

आता सिंह आणि अस्वल. रशियाच्या दक्षिणेकडच्या काकेशस पर्वतभागात, म्हणजे कॉकेशियनच्या मूळ मुलखात, लांडग्यांपासून मेंढ्या वाचवणारी कुत्री एकेकटी लढत नाहीत. ती अनेक असतात, सोबत मेंढपाळ असतो आणि त्यांचं बहुतेक काम भुंकून, मध्ये उभं राहून होतं. प्रत्यक्ष झुंज हा शेवटचा उपाय. आपल्याकडे हा दावा जास्तच घातक ठरतो, कारण जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडचे शेतकरी बिबट्यासाठी कुत्रा शोधत असतात. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला तेव्हा वजनाच्या हिशेबात 39 टक्के भक्ष्य पाळीव कुत्रीच निघाली. उसाच्या कडेला रात्री साखळीला बांधलेला एकटा कुत्रा, मग तो कुठल्याही जातीचा असो, बिबट्याला अडवू शकत नाही. त्याला पळायलाही जागा नसते. रात्री बंदिस्त गोठा, वर जाळी आणि उजेड, ही राखण आधी करा.

या मेसेजमधला मला सर्वांत जास्त टोचणारा भाग हवेचा आहे. तिबेटियन मास्टिफ हा तीन-चार हजार मीटर उंचीवरचा प्राणी. तिथल्या विरळ हवेत तग धरण्यासाठी उपयोगी पडणारा एक जनुक या कुत्र्यांमध्ये तिबेटी लांडग्यांकडून आल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे, इतकं त्याचं शरीर त्या पठाराशी बांधलेलं आहे. कॉकेशियन ज्या कळपांबरोबर वाढला ते कळपही उन्हाळ्यात थंड डोंगरकुरणांवर चढतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धाप टाकून, जिभेवरच्या ओलाव्याचं बाष्पीभवन करून अंग गार करतो. हवा दमट असेल तर हे बाष्पीभवनच मंदावतं. म्हणजे कोकणात पारा 33 वर असला तरी त्याचे हाल होतात. दमट हवेत कूलर आणखी ओलावा सोडतो, मदत फारशी होत नाही. शरीराचं तापमान 41 अंशांच्या पुढे गेलं की उष्माघात, आणि मग डॉक्टर गाठायला मिनिटांचाच अवधी असतो.

केस कापणं हा उपाय नव्हेच. या कुत्र्यांना दुहेरी केस असतात, खाली मऊ दाट लव आणि वर राठ थर. वरचा थर काढला की कातडी थेट उन्हात येते, आणि कापलेले केस पुढे ठिकठिकाणी विरळ किंवा वेगळ्याच पोताचे उगवू शकतात. लव झडते तेव्हा रोज विंचरून ती काढणं, हेच करायचं असतं. पावसाळ्यात लव आतून ओली राहते, कातडीला जखमा होतात, आणि त्या दाट केसांत गोचीड सापडतच नाही. गोचीडतापाने आपल्याकडे किती कुत्री जातात हे कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. दिवसभर एसी लावून कुत्रा खोलीत ठेवणार असाल, तर शेत कोण राखणार हा प्रश्न उरतोच.

‘ट्रेनिंग लागत नाही’ हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. राखण करायला यांना शिकवावं लागत नाही, हे खरं. कुणाला अडवायचं नाही, हे मात्र शिकवावंच लागतं. दोन्ही जाती माणसाच्या हुकमाची वाट न बघता स्वतः निर्णय घेण्यासाठी घडल्या आहेत. जर्मन शेफर्डसारखी आज्ञापालनाची अपेक्षा इथे चालत नाही. सहा महिन्यांचं गोंडस पिल्लू सगळ्यांच्या अंगावर लोळतं. दीड-दोन वर्षांचं झालं की तेच दूधवाल्याला फाटकात येऊ देत नाही. ‘कुत्रा बिघडला, कुणाला द्यायचा आहे’ असे फोन मला येतात ते नेमके याच वयाच्या कुत्र्यांबद्दल. कुत्रा बिघडलेला नसतो. तो वयात आलेला असतो, आणि लहानपणी त्याला माणसं, वाहनं, पाहुणे यांची सवय कुणी लावलेली नसते.

दोन जातींमध्ये फरक आहेच, पण मेसेज सांगतो तसा नाही. मास्टिफ दिवसा सुस्त वाटतो, कारण तिबेटमध्ये तो दिवसा तंबूपाशी बांधलेला आणि रात्री मोकळा असायचा. तो रात्री जागतो आणि खणखणीत भुंकतो. शेजार जवळ असेल तर तक्रारी येणार. कुंपण उकरून किंवा चढून हिंडायला जाण्याचीही त्याला खोड आहे. कॉकेशियन जास्त तडकाफडकी पेटतो, अनोळखी माणसाला दिवसाही सहन करत नाही, आणि सोव्हिएत काळात तो कारखान्यांच्या, तुरुंगांच्या पहाऱ्यावर वापरला गेला तो याच गुणामुळे. नवख्या मालकाच्या हाती तो देऊच नये.

म्हणून मास्टिफ मुलांसाठी निर्धोक होतो का? घरच्या मुलांशी दोन्ही सहसा मायेने वागतात. प्रश्न मुलांच्या मित्रांचा आहे. अंगणात दंगामस्ती चालू असते, बाहेरचा मुलगा आपल्या मुलावर ओरडतो, ढकलतो, आणि कुत्र्याच्या लेखी तो हल्लाच असतो.

बंदीबद्दल थोडक्यात. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने काही आक्रमक जातींच्या विक्री-पैदाशीवर बंदी घाला, असं पत्र राज्यांना पाठवलं. त्यातल्या यादीत कॉकेशियनचं नाव होतं आणि ‘मास्टिफ’ हाही मोघम उल्लेख होता. एप्रिल 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. तेव्हा ‘याच्यावर बंदी, त्याच्यावर नाही’ या भेदात काही अर्थ नाही. कुत्रा चावला तर जबाबदारी मालकाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, जात कोणतीही असो.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्या हवेत, आठवड्यातून दोन दिवस उघडणाऱ्या फार्महाऊसवर, या दोघांपैकी एकही नको. थंड हवेच्या ठिकाणी कायम राहणाऱ्या, मोठी कुत्री आधी पाळलेल्या घराला घ्यायचाच असेल, तर पिल्लाची आई समोर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकणं नियमात बसत नाही. ‘इम्पोर्टेड’ सांगत असतील तर कागद मागाच, कारण विक्रीसाठी कुत्री आयात करण्यावर 2016 पासून निर्बंध आहेत. आणि मास्टिफची मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते. एकाच आईची पिल्लं वर्षात दोनदा दाखवणाऱ्याकडून उठून या.