गीझरला ४४० व्होल्ट लागत नाहीत, आणि न्यूट्रलमधून अर्थिंग होत नाही

सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक निरोप फिरतोय. त्यातले मुद्दे असे: गीझर, एसी, वॉशिंग मशीन ही मोठी उपकरणं मुळात ४४० व्होल्टची असतात, २२० वर ती दुप्पट करंट ओढतात म्हणून बिल फुगतं. अमेरिकेत सगळं ११० वर चालतं, म्हणून तिथे शॉकने कोणी मरत नाही. गीझरला स्टॅबिलायझर लावा, बिल निम्म्यावर येईल. जुन्या घरात अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी तार) नसेल तर प्लगमध्ये न्यूट्रलपासून (करंट परत नेणाऱ्या तारेपासून) अर्थच्या पिनपर्यंत वायरचा तुकडा जोडा, फुकटात अर्थिंग. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडत असेल तर मोठा बसवा. आणि गीझर बंद करूनच आंघोळ करा. खाली हात जोडलेले, ‘जनहितार्थ’.

एरवी असलं काही मी वाचूनही सोडून देते. पण हा निरोप गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने वायरमनला बोलावून तो तुकडा जोडूनही घेतला. वर मला फोन करून म्हणाली, "अगं, तुमच्याकडेही करून घे, शंभर-दोनशेत काम होतं." त्यामुळे आता मुद्द्यामुद्द्याने लिहिणं भाग आहे.

आधी ४४०चं. गीझरच्या अंगावर एक पट्टी चिकटवलेली असते, ती वाचा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २००० वॅट असं काहीतरी त्यावर छापलेलं असतं, आणि शेजारी आयएसआयचं चिन्ह व आयएस २०८२ हा आकडा. साठवणीच्या गीझरचं भारतीय मानक ते हेच. बेस्टची वीज असो, अदानीची, टाटाची की मुलुंड-भांडुपकडे महावितरणची, घरात येते ती २३० व्होल्टचीच आणि उपकरणं त्यासाठीच बनवलेली असतात. इमारतीत थ्री फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन तारा, येते हे खरं. दोन फेजांमध्ये मोजलं तर ४०० ते ४१५ व्होल्ट भरतात, लोकांच्या तोंडी त्याचेच ४४० झाले. ते लागतात लिफ्टच्या आणि पाण्याच्या पंपाच्या मोटरला. मोठ्या फ्लॅटला थ्री फेज मीटर दिलं तरी आतल्या प्रत्येक पॉइंटवर एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे पुन्हा २३०च. कोणी हा सल्ला मनावर घेऊन गीझरला दोन फेज दिल्या, तर २००० वॅटची कॉइल ६००० वॅटच्या हिशेबाने तापेल. पुढे काय होईल ते निरोप लिहिणाऱ्याला दिसणार नाही, ज्याच्या न्हाणीघरात होईल त्याला दिसेल.

अमेरिकेचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. तिथल्या घरात १२०च्या दोन बाजू येतात, दोन्ही मिळून २४०. दिवे, टीव्ही, मिक्सर १२० वर, आणि पाण्याचा हीटर, कपडे वाळवायचं मशीन, विजेची शेगडी २४० वर. तिथली दीडशे-पावणेदोनशे लिटरची टाकी साधारणपणे ४५०० वॅटच्या कॉइलवर तापते आणि तिला ३० ॲम्पिअरचा वेगळा ब्रेकर असतो. ती १२० वर चालवायची तर साडेसदतीस ॲम्पिअर लागतील, २४० वर पावणेएकोणीस पुरतात. मोठ्या उपकरणाला त्यांनीही आपल्याएवढंच व्होल्टेज दिलंय ते याच कारणाने. आणि १२०ने माणूस मरत नाही हे कोणी सांगितलं? भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या घरात धरला तर १२० व्होल्टला १२० मिलिॲम्पिअर जातात. माणूस वाचावा म्हणून जो आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवतात तो ३० मिलिॲम्पिअरला तोडायचा असतो. आता तुम्हीच बघा.

स्टॅबिलायझर. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं, व्होल्टेज काहीही असो. २३० ला २००० वॅटचा गीझर ते अठरा-एकोणीस मिनिटांत करतो. व्होल्टेज १९० वर उतरलं तर तोच गीझर जेमतेम १३६५ वॅट देतो आणि सत्तावीस मिनिटं घेतो. वेळ वाढतो, युनिट तेवढंच. मीटर युनिट मोजतं, ॲम्पिअर नाही. एवढं मात्र मान्य करते की एसी आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरला कमी व्होल्टेज खरंच बाधतं. मोटर जास्त करंट घेते आणि वाइंडिंग तापतं, म्हणून जिथे व्होल्टेज पडतं तिथे एसीला स्टॅबिलायझर लावणं योग्यच. गीझरला तो लावून पैसे फक्त दुकानदाराला मिळतात.

आता तो तुकडा. बाकी मुद्द्यांनी पैसे जातील किंवा वायर जळेल, याने थेट जीव जाईल.

मावशीकडचं वायरिंग जुनं, लाकडी पट्टीवरून नेलेलं, दोन तारांचं. दिवा आणि पंखा यापलीकडे ज्या काळी काही लागत नव्हतं तेव्हाचं. गीझर घेतला तेव्हा तीन भोकांचा पॉवर पॉइंट बसवला, पण वरचं मोठं भोक आतून रिकामंच होतं, अर्थची तार घरात आलेलीच नव्हती. गिरगाव, लालबाग, परळच्या किती चाळींत हीच गत आहे. मेन बंद करून मी ती प्लेट उघडली. न्यूट्रलच्या स्क्रूखाली काळ्या वायरचं एक टोक दाबलेलं, दुसरं टोक अर्थच्या स्क्रूखाली. बोटभर लांबीचा तुकडा. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं, गीझर चालतो, झिणझिण्या येत नाहीत. म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो.

निरोपात म्हटलंय की न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच. यातही अर्धं सत्य आहे. सबस्टेशनला न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, नियमानेच. पण तिथून तुमच्या न्हाणीघरापर्यंत केबल आहे, पेटी आहे, मीटर आहे, कटआउट आहे, आणि शंभर जुने जोड आहेत. त्यातला एक सैल झाला की गोष्ट उलटते.

समजा खालच्या मीटरच्या पेटीत न्यूट्रलची तार गंजून सुटली. घरातली वीज गेली, कारण परतीची वाट बंद झाली. पण फेज अजून घरात येतेच आहे. ट्यूबलाइट किंवा पंख्याचं बटण चालूच राहिलं असेल, तर ती फेज त्यातून पार होऊन घरातल्या सगळ्या न्यूट्रल तारांवर उभी राहते. आणि तुमच्या गीझरचं पत्र्याचं अंग त्या तुकड्याने न्यूट्रलला बांधलेलं आहे. म्हणजे गीझरच्या अंगावर, त्याला जोडलेल्या धातूच्या पाइपात, नळात आणि बादलीतल्या पाण्यात २३० व्होल्ट. लाइट गेली आहे, न्हाणीघरात अंधार आहे, आणि आत माणूस ओल्या फरशीवर नळाला हात लावतोय. एमसीबी पडणार नाही, कारण माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या मापाने काहीच नाही. याच तुकड्यामुळे आरसीसीबीसुद्धा आंधळा होऊ शकतो. कॉइल फुटून गीझरच्या अंगावर करंट उतरला, तरी तो तुकड्यातून न्यूट्रलनेच परत जातो. जाणारा आणि येणारा हिशेब जुळतो, त्यामुळे आरसीसीबीला गळती कळतच नाही.

तार तुटायचीही गरज नाही. मीटर बदलताना किंवा केबल टाकताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर त्या क्षणापासून गीझरचं अंग थेट फेजवर. जुन्या इमारतींत ही अदलाबदल काही दुर्मीळ नाही.

पाण्याच्या पाइपला अर्थ जोडण्याचा जुना उपायही आता सोडा. मधे कुठेतरी दुरुस्तीत प्लॅस्टिकचा पाइप बसला असेल, तर ती तार जमिनीपर्यंत पोचतच नाही.

मग करायचं काय? ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो तिथे किंवा त्याच्या जवळ, योग्य अर्थ टर्मिनल (अर्थची तार जोडायची जागा) देणं आणि ते सांभाळणं ही जबाबदारी भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या नियम ३३ ने वीज पुरवणाऱ्यावर टाकली होती. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३च्या विनियमांत हीच तरतूद आली. म्हणजे मीटर रूममध्ये अर्थ मिळायला हवं, नसेल तर लेखी तक्रार करायची, सोसायटीच्या किंवा चाळ कमिटीच्या लेटरहेडवर केली तर उत्तम. तिथून आपल्या घरापर्यंत हिरवी तार आणणं हे आपलं काम, आणि ते परवाना असलेल्या ठेकेदाराकडून करून घ्यायचं. सोबत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. तुकडा काढून टाकलेला असेल तर अर्थ येईपर्यंतही गळती माणसातून जायला लागली की आरसीसीबी वीज तोडतो. पण अर्थ येईपर्यंत गीझर वापरायचा नाही, पाणी गॅसवर तापवायचं. मावशीला हे पटवताना बरीच हुज्जत झाली, "इतकी वर्षं काय झालं?" वगैरे. तुकडा मी त्याच दिवशी काढला.

मोठ्या एमसीबीबद्दल थोडक्यात. एमसीबी वायरला जपतो, गीझरला नाही. दीड एमएमच्या वायरवर १६चा काढून ३२चा बसवला की एमसीबी पडणं थांबेल आणि भिंतीतली वायर तापत राहील. गीझरला अडीच एमएमची स्वतंत्र वायर आणि १६ ॲम्पिअरचा पॉइंट द्या. सहा ॲम्पिअरच्या बोर्डावर किंवा एक्स्टेन्शनवर तो चालवू नका, सहा ॲम्पिअर म्हणजे जेमतेम १३८० वॅट. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर तेरा ॲम्पिअर घेतो.

राहिला शेवटचा, गीझर बंद करून आंघोळ. सवय चांगली आहे, जरूर ठेवा. पण ज्यांच्या घरी तो तुकडा आहे त्यांना याने काडीचाही आधार नाही. साध्या बटणाने फक्त फेज तुटते आणि तुकडा बसलाय न्यूट्रलवर. गीझर बंद असताना, अगदी घरातली लाइट गेलेली असतानाही नळाला करंट येऊ शकतो. तेव्हा ज्यांनी हा निरोप वाचून काम करून घेतलंय त्यांनी आजच मेन बंद करून जाणत्या माणसाकडून ती प्लेट उघडवावी. वॉशिंग मशीन आणि फ्रिजच्या पॉइंटच्याही.