ग्लोव्हजच्या डब्यांचा किल्ला

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. दिवाळी तोंडावर आलीय, आमच्या गल्लीत पोरांनी मातीचा ढीग आणून टाकलाय, पोती भिजत घातलीत, कुणाचा राजहंसगड आणि कुणाचा प्रतापगड यावरनं सकाळपासनं भांडणं चाललीत, आणि मला राहून राहून दोन वर्षांमागची दिवाळी आठवतेय, वॉर्डातली.

माझी भाची, खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातली, तेव्हा ८ वर्षांची. ताप यायचा, जायचा, पाय दुखतात म्हणायची, मग अंगावर निळे डाग दिसायला लागले म्हणून बेळगावात आणून रक्त तपासलं तर ब्लड कॅन्सर. त्यातला एएलएल म्हणतात तो प्रकार, लहान मुलांच्या कॅन्सरमधे हाच सगळ्यात जास्त दिसतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बहिणीला आणि दाजींना समोर बसवून सांगितलं, बरा होणारा आजार आहे, पण ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालणार आणि मधेच सोडायची नाही. आम्हाला ते कळलं. पोरीला काय कळणार, तिच्या हिशेबात आज हातात सुई, उद्या हातात सुई, परवा पाठीत सुई, एवढंच.

पहिला महिना फार वाईट गेला. स्टिरॉइडनं भूक इतकी लागायची की रात्री दोनला उठून मांडे पाहिजेत म्हणून रडायची, आणि बाहेरचं तर काहीच द्यायचं नाही. तोंड सुजलं, केस उशीवर यायला लागले. आणि मग ती बोलायचीच बंद झाली. भिंतीकडं तोंड करून पडायची, दुखतंय काय विचारलं तरी गप्प. रडत होती तोवर मला एवढी भीती वाटली नव्हती.

त्याच दरम्यान कुणाचातरी वाढदिवस म्हणून फळवाटप झालं. माणसं मनानं चांगली होती हे मी आधीच सांगतो. आली, प्रत्येकाच्या हातात द्राक्षं आणि फुगा दिला, फोटो काढले, गेली. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, कमी झालेल्या पोरांना ती द्राक्षं चालत नव्हती, ती सिस्टरांनी मागनं गोळा करून नेली, पोरं बघत बसली. फुगा संध्याकाळपर्यंत मऊ पडला. तो हातात धरून भाची मला म्हणाली, मामा ते परत येणार काय? चार दिवसांनी तोंड उघडलं होतं तिनं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

तो प्रश्न डोक्यातनं गेला नाही. लांबच्या आजारात पोरांना एका दिवसाची मजा पुरत नाही हो, त्यांना उद्या काहीतरी आहे हे पाहिजे असतं. सुई सोडून काहीतरी.

मग दिवाळी आली. गावात दरवर्षी तिचा किल्ला असायचा, मोहरी पेरून हिरवागार केलेला. मी सिस्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या माती अजिबात नको, मातीत बुरशी असते, काउंट कमी असताना ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. बरोबर होतं त्यांचं. पण त्याच सिस्टर ड्युटी संपताना ग्लोव्हजचे सहा-सात रिकामे डबे घेऊन आल्या, सॅनिटायझरनं पुसलेले, आणि म्हणाल्या ह्याचं बघा काय होतंय काय.

झाला सुरू किल्ला, राजहंसगड, लॉकरवर. मी मुद्दाम एक नियम केला, दिवसाला एकच काम. आज तटबंदी, उद्या एक बुरूज, परवा पायऱ्या. तिला घाई व्हायची तरी मी थांबवायचो. तिसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर आले तर ही बाई त्यांना सांगतेय, डॉक्टर सुई सकाळीच घाला, दुपारी मला बुरूज हाय.

आणि तोफा! तोफा कशाच्या करायच्या विचारलं तर तिनं स्वतः मागितली सिरिंज. जी बघितली की अंग चोरायची तीच, नवीन, बिनसुईची. ५ मिलीच्या दोन बुरुजावर चिकटवल्या आणि तोंडाशी कापूस लावला, धूर म्हणून. नंतर मोबाइलवर वाचत बसायचो तेव्हा कळलं, अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका हॉस्पिटलात १९५५ साली एम्मा प्लँक नावाच्या बाईंनी आजारी मुलांचं खेळणं आणि शिकणं बघायला वेगळा विभागच सुरू केला होता. आज तिकडच्या मोठ्या दवाखान्यांत ह्या कामाला शिकलेली माणसं असतात, पोरांना बाहुलीला सुई टोचू देतात, ऑपरेशन आधी खेळातनं समजावून सांगतात. आमच्या पोरीनं ते न शिकवता केलं.

शेजारच्या बेडवर सौंदत्तीकडचा एक मुलगा होता, कन्नड बोलणारा, ह्यांना एकमेकांचं फारसं कळायचं नाही. तो दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या अज्जीकडनं निरोप आला की त्याला कित्तूरचा दरवाजा करायचाय, चन्नम्मा राणीचा. झालं, राजहंसगडाला कित्तूरचा दरवाजा जोडायचं ठरलं. तो रोज संध्याकाळी विचारायचा, बागला यावाग? म्हणजे दरवाजा कधी? आणि ही इकडनं ओरडायची, नाळे! कन्नडमधला तिचा पहिला शब्द, उद्या. सहा बेडच्या वॉर्डात मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषा होत्या, आणि मला वाटतं पोराला त्याच्या घरच्या भाषेत गप्पा मारणारं एक तरी माणूस रोज तिथं असायला पाहिजे. तपासायला माणसं येतातच, मी बोलायला येणाऱ्याचं म्हणतोय.

अजून एक सांगायचंय. तिचा धाकटा भाऊ ५ वर्षांचा, लहान मुलांना वर सोडत नव्हते. इन्फेक्शनचं कारण खरं आहे, मी भांडत नाही. पण दीड महिना बहीण-भावाची भेट नाही. मग दाजी त्याला संध्याकाळी सातला पार्किंगमधे उभा करायचे आणि तो मोबाइलची टॉर्च तीनदा लावायचा. वरनं ही खिडकीतनं तीनदा. साडेसहापासनं खिडकीला चिकटून असायची, सलाईनचा स्टँड बाजूला ओढून घेऊन. इंग्लंडमधे सुद्धा एकेकाळी आईबापांना ठरावीक वेळेलाच पोराला भेटू द्यायचे, १९५९ च्या प्लॅट रिपोर्टनं सांगितलं की आईबापांना कधीही येऊ द्या, तेव्हा कुठं हळूहळू दारं उघडली. म्हणजे नियम बदलतात, कुणीतरी धरून बसावं लागतं. खेळणं हा मुलांचा हक्क आहे असं बालहक्क करारात कलम ३१ मधे लिहिलंय, आपल्या देशानं तो १९९२ मधे मान्य केलाय, आणि त्यात आजारी पोरांना वगळलेलं नाही.

भाची आता मेंटेनन्सवर, म्हणजे ट्रीटमेंटच्या शेवटच्या टप्प्यावर आहे, घरी गोळ्या चालू आहेत, शाळेत जाते, केस आलेत, आधीपेक्षा दाट. चेकअपला जाताना पिशवीत रंगपेटी असते, नवीन ॲडमिट झालेल्या पोरांसाठी.

तर दिवाळीत वॉर्डात जायचं असेल त्यांनी जरूर जा, पण आधी सिस्टरांना विचारा काय चालतं काय नाही, आणि शक्य असेल तर दर आठवड्याला एकच तास, त्याच वेळेला, तोच माणूस जाऊ द्या. गोष्ट सांगत असाल तर अर्ध्यावर थांबवा. मी रविवारी दुपारी जातो, अजून दोघं आले तर बरं होईल, कन्नड येणारं कुणी असेल तर फारच बरं. कित्तूरचा दरवाजा तेव्हा राहूनच गेला, त्या मुलाला डिस्चार्ज मिळाला. भाची म्हणते यंदा आधी तोच करायचा आणि त्याला फोटो पाठवायचा. डबे जमवायला लागलोय.