‘प्रदूषण शून्य’ कसं?

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, ‘म्हणून प्रदूषण शून्य’, असं या चपलांवरच्या एका लेखात ठोकून दिलंय. ते पटलं नाही. कारखान्यात चामडं कमावायला वापरतात ते क्रोमियम यात नसतं हे खरं, आणि तो फायदा मोठाच. पण कातडं थेट सालीत पडत नाही. आधी चुन्याच्या हौदात केस सोडवायचे, मग ते पिशवीसारखं शिवून आत सालीचं पाणी भरून टांगायचं. उरलेलं तांबूस-काळं पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे तडफडतात. माझ्या आजोळी हाच धंदा होता. चुन्याच्या हौदाशेजारी तासभर उभं राहिलेला माणूस ‘शून्य’ लिहिणार नाही!

हिरड्याची खरी गंमत मात्र लेखात आलीच नाही. त्यात कमावलेल्या चामड्यावर हिराकसाचं (म्हणजे लोहाच्या क्षाराचं) पाणी फिरवलं की ते काळं पडतं, वेगळा काळा रंग लागतोच असं नाही. म्हणूनच भिजलेली चप्पल लोखंडी मांडणीवर ठेवली की काळा डाग उठतो, आणि गिऱ्हाईक ‘माल खराब दिलात’ म्हणून दुकानदाराशी भांडत बसतं.