मोकळ्या आकाशाखाली, कुणाच्या तरी डोक्यामागे

ठाण्यात राहण्याचा एक तोटा म्हणजे विकेंडला घरी बसायला सबबच उरत नाही. गुढीपाडव्याला कोपिनेश्वराची पालखी निघते, मागे चित्ररथ, ढोल, लेझीम, नऊवारी नेसून फेटे बांधून बुलेटवर बसलेल्या बायका, त्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईसुद्धा (एरवी त्या लिफ्टमध्ये पोरांची सायकल नेऊ देत नाहीत). नरकचतुर्दशीच्या पहाटे तलावपाळी आणि राम मारुती रोडवर अख्खी कॉलेजं नटूनथटून लोटतात, तिथे पहाट कोणी बघत नाही, सगळे एकमेकांना बघतात, आणि त्या वयात तेच बघायचं असतं. मग थंडी पडली, म्हणजे ठाण्यात जेवढी पडते तेवढी, की कुठल्या ना कुठल्या तलावाकाठी कला महोत्सव. आता मी सांगतोय तो कुठल्या तलावाकाठचा ते विचारू नका, आपल्याकडे तलावांची कमी नाही आणि मला याच गावात राहायचंय.

"अहो, फुकट आहे, मोकळी हवा आहे, शास्त्रीय गाणं आहे, अजून काय पाहिजे तुम्हाला?" इति बायको.

"खुर्ची," मी म्हटलं.

माझं मागणं काही फार नाही हो. गडकरी रंगायतनला १९७८ पासून कसं सगळं ठरलेलं आहे, तिकिटावर सीट नंबर, तिसरी घंटा झाली की अंधार, पडदा वर, आणि मग आपण वडा खात असलो तरी नाटक आपल्यासाठी थांबत नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमाला तिसरी घंटा नसते. तिथे 'लवकरच सुरू होतंय' हाच पहिला अंक असतो आणि तो चांगला दोन तास रंगतो.

सोबत शेजारचे काका आले. काका बँकेतून रिटायर झालेत, गाण्यातलं कळतं, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे स्वतःचं फोल्डिंगचं स्टूल आहे, जे ते कुणालाही देत नाहीत. गाडी काढायची नाही हेही त्यांनीच ठरवलं आणि ते बरंच झालं, कारण समोरच्या विंगमधलं जोडपं गाडी घेऊन गेलं, मेट्रोच्या खांबांखालून घोडबंदर रोडवर सरपटत महोत्सवापर्यंत पोचलं, पार्किंग शोधत शोधत मागे मागे येत शेवटी आमच्याच सोसायटीत आपल्याच जागेवर गाडी लावली आणि रिक्षा करून परत गेलं.

गेटच्या बाहेरच भला मोठा बॅनर. काकांनी थांबून तो पूर्ण वाचला. "लक्षात ठेव, बॅनरवर ज्याचा फोटो सगळ्यात मोठा तो गाणारा नसतो," ते म्हणाले. खरंच गायिकेचा फोटो खालच्या कोपऱ्यात, स्टॅम्प साईजचा, आणि त्यावर दोरी बांधलेली.

आत गेलो तर स्टॉलच स्टॉल. मोमो, थालीपीठ, काडीला गुंडाळलेला बटाटा, 'अस्सल गावरान' पिठलं-भाकरी जिचा रेट अजिबात गावरान नव्हता. एक सेल्फी पॉइंट, त्याला रांग. एक मातीचं चाक, जिथे मुलांना मडकं करायला शिकवतात आणि प्रत्येकाचं शेवटी अ‍ॅश ट्रेच होतं. पण एका कोपऱ्यात डहाणूकडचे एक वारली चित्रकार मांडी घालून शांतपणे कापडावर काम करत होते आणि तिथे मात्र मी जरा रेंगाळलो. हे सगळं मूळचं लग्नघराच्या भिंतीवरचं, गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, आणि लग्नाचा चौक, म्हणजे त्यातलं मुख्य चौकोनी चित्र, काढायचा मान बायकांचा. मग जिव्या सोमा म्हसे यांनी लग्न असो नसो रोज चित्र काढायला घेतली आणि पार जगभर गेली ती चित्रं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणू तर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणजे घरचीच कला म्हणा ना. तर या चित्रकारांना एक ताई विचारत होत्या, "भैया, इसमें हमारा ब्रूनो डालके दोगे? लॅब्रेडॉर है."

त्यांनी मान वर करून शुद्ध मराठीत विचारलं, "टाकतो की. शेपूट वर पाहिजे का खाली?"

ताई घरी फोन करून विचारायला बाजूला गेल्या.

असो. गाणं साडेसहाचं होतं. आम्ही साडेसहाला हजर, तेव्हा स्टेजवर एक मुलगा "हॅलो चेक, वन टू, वन टू" करत होता. हे लोक थ्रीपर्यंत का जात नाहीत हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या खुर्च्या सोफ्यासकट मान्यवरांसाठी राखीव आणि रिकाम्या, त्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीवर कुणाची तरी ओढणी, पाण्याची बाटली किंवा नुसताच रुमाल बसलेला. आम्ही गवतावर. माझ्या समोर एका बाबांनी पोरगं खांद्यावर घेतलेलं, पोराच्या हातात लाईटवाला फुगा. म्हणजे माझ्यासाठी स्टेज हा त्या फुग्याच्या आजूबाजूचा उजेड होता. आणि अंधार पडला तशी तलावातली मच्छरमंडळी निघाली, ओडोमॉसचं पाकीट घरी शू रॅकवर.

सव्वासातला निवेदिका आल्या. त्यांनी ठाण्याची सांस्कृतिक परंपरा सांगितली, मग तलावाची, मग स्वतःची. मग दीपप्रज्वलन. पाच मान्यवर, पाच वाती, एक मेणबत्ती आणि समोरून तलावावरचं वारं. एक पेटली की दुसरी विझायची. फोटोग्राफर ओरडतोय "साहेब, इकडे इकडे", साहेब हसून इकडे बघतात तोवर तिसरी गेली. शेवटी एकाने खिशातून लायटर काढला, काम झालं, पण त्यांच्या मिसेस पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांनी तो लायटर नीट बघितला.

मग सत्कार. मला आधी वाटायचं की सत्कार हा कार्यक्रमाचा भाग असतो. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार आयोजकांनी केला, आयोजकांचा पाहुण्यांनी, प्रायोजकांचा दोघांनी मिळून, मग साऊंडवाले, मांडववाले, पाण्याच्या बाटल्या देणारे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, फोटो. शाली कमी पडल्या तेव्हा एक शाल मागच्या बाजूने परत फिरताना मी, म्हणजे फुगा उजवीकडे गेला तेव्हा, स्वतः बघितली.

काका घड्याळ बघून तडतडत होते. "अरे दहाला बंद करावं लागतं ना सगळं! ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, २०००चा, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. बारापर्यंत सूट द्यायला सरकारला वर्षात पंधराच दिवस, ते बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. मग ही मुलगी गाणार कधी? कापलं कोणाला जाणार, सत्काराला? गाण्याला! हे सत्कार म्हणजे ना..."

"आता आपल्या परिसरातले ज्येष्ठ रसिक," निवेदिका म्हणाल्या आणि काकांचं नाव घेतलं.

काका उठले. शर्ट खोचला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्टूल माझ्या स्वाधीन केलं आणि ज्या चपळाईने गेले ती मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. स्टुलावर बसलो तर काय, फुग्याच्या वरून स्टेज स्पष्ट दिसायला लागलं, आणि त्या स्पष्ट दिसणाऱ्या स्टेजवर मध्यभागी काका, माईक हातात, "मी दोनच शब्द बोलणार आहे." पहिला शब्द त्यांच्या बालपणावर होता. दुसऱ्यात बँकेतली नोकरी आणि एका मोठ्या गवयाला त्यांनी काउंटरवरून पाहिल्याची आठवण होती. बायको म्हणाली, "बोलतात छान हो काका." निवेदिका हळूहळू त्यांच्या जवळ जवळ सरकत होत्या, त्यांनी एकदा टाळ्याही वाजवून बघितल्या, काकांना वाटलं दाद आहे.

गायिका बसली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तबला लावण्यात अजून थोडी मिनिटं. बिचारीने यमन राग घेतला, आलाप सुरू केला आणि खरं सांगतो, पहिल्या दोन-चार सुरांतच पाय आखडलेत, डास चावतायत हे सगळं विसरायला झालं, अशी गात होती. पण तिला तरी स्वस्थ कुठे गाऊ देतात, विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, कुठे जरा पसरतंय तोवर विंगेतून चिठ्ठी आली. तिने ती वाचली, तबलजीकडे बघितलं, आणि यमन जो काही धावत सुटला की विचारू नका. मग लगेच भैरवी. खरं तर सकाळची रागिणी, पण मैफल तिनेच संपवायची आपली प्रथा, म्हणून तीही उरकायची.

आणि भैरवीच्या मध्यावर दहा वाजले. माईक बंद. मुलगी थांबली नाही, तशीच गात राहिली. बिनमाईकचा तो आवाज मागपर्यंत जेमतेम येत होता, त्यामुळे लोक गप्प बसले, आणि संध्याकाळपासून पहिल्यांदा सगळ्यांनी मोबाईल खाली ठेवले, कारण रेकॉर्डिंगमध्ये काही येतच नव्हतं.

परतताना तासभर उभं राहून रिक्षा मिळाली. काका मधे, शाल पांघरून, स्मृतिचिन्ह छातीशी. श्रीफळ माझ्या मांडीवर, स्टूल बायकोच्या. माजिवडा नाका येईपर्यंत कोणी बोललं नाही. मग काकांनी सुस्कारा सोडला.

"मुलगी गाते गोड, वादच नाही," ते म्हणाले. "पण वेळेचं भान नाही रे. तिच्यामुळे आभारप्रदर्शन राहिलं."